करंगळी वाकते तेव्हा

या महिन्यात उन्हाळ्यातल्या खाण्यापिण्यावर लिहायचे ठरले होते. ते आता पुढच्या अंकात. कारण मध्येच आपल्या एका वाचक ताईंचा लांबलचक संदेश आला आणि तो वाचल्यावर कैरीच्या पन्ह्यावर लिहायला हात धजेना. त्यांच्या परवानगीनेच इथे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

ताईंचे माहेर वांकिडीकडचे. लग्नानंतर हैदराबादेत स्थायिक, नवरा-बायको दोघे नोकरीत, पदरी दोन मुले. भाऊ गावीच असतो, कापसाची शेती करतो. त्याचा मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून या पोराची उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळायला लागले. शर्टाची बटणे लागेनात, वरणभाताचा घास बोटांतून गळू लागला. आधी सगळ्यांना वाटले झाडावरून पडला तेव्हाचा मुका मार असेल. मग कुणी म्हणाले शीर आखडली, म्हणून तेल-मालिश झाली. मग दंडात ताईत बांधला. एके दिवशी चुलीजवळ बसलेला असताना तळहाताची कड भाजली आणि त्याला पत्ताच नाही! आईने वास आला म्हणून पाहिले. तेव्हा कुठे त्याला सरकारी दवाखान्यात नेले आणि तिथे निदान झाले: कुष्ठरोग.

ताईंचे प्रश्न तीन. एक, पोराच्या अंगावर साधा डागही नाही, मग हे कुष्ठ कसे? दोन, ‘आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, आमच्या घरात तशी दोन लग्ने झालेली आहेत. हे रक्तातून तर आले नसेल? माझ्या मुलांना होईल का?’ आणि तिसरा, जो त्यांनी सगळ्यात शेवटी, जणू सहज म्हणून लिहिला: ‘मोठ्या पुतणीचे लग्न जमायचे आहे. घरात सगळे म्हणतात कुणाकडे बोलू नका. मी आत्या आहे, मी काय सांगू?’

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू.

आपल्या मराठीची एक गंमत आहे. रक्त वाहते ती शीर, हाताच्या पाठीवर दिसते ती शीर, मालिशवाला ‘बसवतो’ तीही शीर, आणि मेंदूचा निरोप पोचवते तिलाही आपण शीर किंवा नसच म्हणतो. चार वेगळ्या गोष्टींना एक नाव. त्यामुळे खऱ्या नसेचा आजार झाला की आपण हटकून तेलाची बाटली शोधतो. ज्या नसेबद्दल इथे बोलायचे आहे, ती प्रत्येकाला माहीत आहे, फक्त नाव माहीत नसते. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, एक खाच असते. तिथे टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तीच ती अल्नर नस. करंगळीची आणि शेजारच्या अर्ध्या बोटाची जाणीव तिच्याकडे, आणि हाताच्या पंज्यातले बरेचसे छोटे स्नायू तिच्या हुकमतीत. ती दुखावली की हेच दोन बोटांचे आखडणे दिसते, तळहाताची कड बधिर होते, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग हळूहळू बसतो. पोराचा हात आणि भाजलेली कड, दोन्ही एकाच नसेची तक्रार सांगत होते.

कुष्ठरोग हा कातडीचा रोग म्हणून आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. खरे तर तो आधी नसांचा रोग आहे. कातडीवरचा डाग बधिर असतो तो त्या डागातल्या बारीक नसा मेलेल्या असतात म्हणून. काही रुग्णांत जंतू कातडीवर काही न लिहिता सरळ मोठ्या नसेतच घर करतो. याला नसांचा कुष्ठ म्हणतात आणि तो आपल्या देशात विशेष आढळतो. डाग नसल्यामुळे तो ओळखायला उशीर होतो. शीर आखडली, मानेचा मणका सरकला, कॅल्शियम कमी आहे, अशी एकेक पाटी लागत जाते आणि मधले महिने वाया जातात. वाया जातात हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण या आजारात महिन्यांचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

जंतू मोठा विचित्र आहे. नॉर्वेतल्या बर्गेन गावी गेरहार्ड आर्माउर हॅन्सन या डॉक्टरने तो १८७३ साली पाहिला. त्या वेळी भल्याभल्यांचे मत होते की हा रोग पिढीजात आहे, रक्तातून उतरतो. त्या मताचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते डॅनियल डॅनियलसन, आणि ते हॅन्सनचे सासरे! सासऱ्याच्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताला जावयाने सुरुंग लावला. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. हा रोग जंतूमुळे होतो. मामाची मुलगी केल्याने होत नाही, गेल्या जन्मीच्या पापाने होत नाही, शापाने तर नाहीच.

तरीही या जंतूने शास्त्रज्ञांना दमवले. एका जंतूचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. जुलाबाचे जंतू हे काम वीस मिनिटांत करतात, यावरून कल्पना करा. म्हणून लागण झाल्यावर रोग दिसायला सरासरी दोन ते पाच वर्षे लागतात, कधी त्याहूनही पुष्कळ जास्त. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. १९६० साली उंदराच्या पंजाच्या तळव्यात आणि १९७१ साली अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात तो वाढवण्यात यश आले. तळवा आणि आर्माडिलोच का? कारण या जंतूला थंडावा आवडतो. आर्माडिलोच्या अंगाचे तापमान आपल्यापेक्षा बरेच कमी असते. माणसातही तो नाकाचा शेंडा, कानाची पाळी आणि कातडीच्या अगदी खाली धावणाऱ्या नसा गाठतो. कोपराची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस, डोळ्याजवळची नस. यातली गुडघ्याची नस गेली की पाऊल लोंबते आणि चालताना चप्पल घासते. डोळ्याची गेली की पापणी पूर्ण मिटत नाही.

आता मुद्दा येतो तो नसेच्या आत काय घडते याचा, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारा वाटतो. नसेच्या प्रत्येक धाग्याभोवती वेष्टण घालणाऱ्या पेशी असतात, त्यांना श्वान पेशी म्हणतात. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक समजा. कुष्ठाचा जंतू नेमका या पेशींत शिरतो. इतक्या साऱ्या पेशी सोडून याच का? हा प्रश्न पुष्कळ वर्षे लटकत होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी याचा पाठपुरावा केला. कुष्ठरुग्णांचे वाकडे हात आणि झडलेले कान दुरुस्त करता करता त्यांच्या लक्षात आले की आपण शेवटच्या टोकाला काम करतो आहोत, सुरुवात नसेत आहे. १९७५ मध्ये त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली आणि तिथे श्वान पेशी वाढवून त्यांत हा जंतू कसा वागतो याचा अभ्यास झाला. शल्यचिकित्सकाने सुरी बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाकडे वळावे, हे त्या काळात आपल्याकडे विरळाच.

कोड्याचा मोठा तुकडा सापडला १९९७-९८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये अनुरा रांबुक्काना या श्रीलंकन शास्त्रज्ञाच्या चमूला. श्वान पेशीच्या बाहेर लॅमिनिन-२ नावाच्या प्रथिनाचे एक अस्तर असते. ते पेशीला डिस्ट्रोग्लायकन नावाच्या प्रथिनाने जोडलेले असते. गोठ्यातल्या भिंतीत रोवलेली कडी आणि कडीला बांधलेले दावे, तसे. कुष्ठाचा जंतू हे दावे पकडतो आणि त्याच्या आधाराने कडीपर्यंत, म्हणजे पेशीपर्यंत पोचतो. पुढे २००० मध्ये हेही दिसले की जंतूच्या अंगावरचा एक मेणासारखा पदार्थ, जो दुसऱ्या कुठल्याही जंतूत नाही, तो हे दावे पकडायच्या कामी येतो.

यात थक्क होण्यासारखे काय? तर, ही कडी आणि हे दावे वैद्यकाला आधीच ओळखीचे होते, पण भलत्याच वॉर्डातून. लहान मुलांमध्ये स्नायू झिजत जाण्याचे जे जन्मजात आजार असतात, त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे डुशेन. मुलगा उशिरा चालायला लागतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. १९८७ मध्ये या आजारात कुठले प्रथिन नसते ते कळले, त्याला नाव दिले डिस्ट्रोफिन. स्नायूच्या पेशीत डिस्ट्रोफिन हा आतला खुंटा, डिस्ट्रोग्लायकन ही भिंतीतून आरपार गेलेली कडी, आणि लॅमिनिन-२ हे बाहेरचे दावे. खुंटा नसला की डुशेन होतो. दावेच नसले की बाळ जन्मापासून कापडी बाहुलीसारखे ढिले असते, तो वेगळा आजार. म्हणजे निसर्गाने ज्या साखळीने मुलाचे स्नायू आणि नसा बांधून ठेवल्या, तीच साखळी धरून कुष्ठाचा जंतू आत चढतो. एकीकडे साखळीची कडी जन्मतःच तुटलेली, दुसरीकडे साखळी शाबूत पण चोराने शिडी म्हणून वापरलेली. कुष्ठरोगावर काम करणारे आणि मुलांच्या स्नायुदोषांवर काम करणारे अभ्यासक एकमेकांचे निबंध वाचायला लागले ते या शोधानंतर.

म्हणूनच ताई, तुमचा रक्तातल्या दोषाचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. तो चुकीच्या आजाराला लागलेला आहे, एवढेच. आपल्या सीमाभागात आते-मामे लग्ने आहेत, तेलुगू शेजाऱ्यांत तर मामा-भाचीचीही आहेत. अशा लग्नांत काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे खरे. पाठीच्या कण्यातल्या स्नायू चालवणाऱ्या पेशी मरतात तो एसएमए त्यातलाच. आई-वडील दोघेही धडधाकट, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत, आणि दोन्ही बाळाकडे आल्या की आजार. डुशेन मात्र बहुधा आईकडून मुलाला येतो आणि त्याचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नसतो. वाढत्या वयात पायांच्या नसा झिजवणारा शार्को-मारी-टूथ नावाचा आनुवंशिक आजार तर कुष्ठाशी गल्लत व्हावी असा आहे. त्यातही पंजे वाकतात, नसा जाड लागू शकतात. पण त्यात बहुधा दोन्ही बाजू सारख्या बिघडतात, आधी पाय आणि मग हात. कुष्ठ बेशिस्त असतो. एक हात घेईल, दुसरा सोडेल. एका नसेत शिरेल आणि शेजारची तशीच ठेवेल. अकरा वर्षांच्या पोराचा एकच हात, एकाच नसेच्या हद्दीत आणि बधिरतेसह बिघडला, तर आपल्या मुलखात पहिला संशय कुष्ठाचाच घ्यायला हवा. तो पडताळून नसला, तर पुढच्या तपासण्यांसाठी हैदराबादेत निम्स आणि सीडीएफडी आहेत. केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात ही जोडी उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेली आहे.

‘आपल्या मुलखात’ असे म्हणालो, त्याचे कारण सांगतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रात कुष्ठाचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे, आणि वांकिडीहून राजुऱ्याकडे निघाले की सीमा ओलांडायला वेळ लागत नाही. सीमा तरी कसली म्हणा! राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आज वांकिडी कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आणि राजुरा चंद्रपुरात, पण सोयरीक, बाजार आणि कापूसवेचणीची माणसे जुन्याच वाटेने ये-जा करतात. जंतूही.

याच पट्ट्याने या रोगाशी झुंज दिली ती कहाणी नव्या पिढीला फारशी माहीत नसते. दक्षिणेला निजामाबादजवळ डिचपल्लीला इसाबेल केर या स्कॉटिश डॉक्टरणीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुष्ठरुग्णालय उभे केले. त्याला मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थाने. कवटी तेलाची इंजेक्शने हा तिथला उपचार, आणि ती टोचताना होणाऱ्या वेदना रुग्ण निमूट सोसत. उत्तरेला वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले. सेवाग्रामात गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींच्या जखमा धूत. आणि वरोऱ्याचे आनंदवन तर आपल्याला घरचेच. बाबा आणि साधनाताई आमटे १९४९ च्या सुमारास त्या ओसाड जमिनीवर राहायला गेले ते मोजक्या रुग्णांना आणि आपल्या दोन तान्ह्या मुलांना घेऊन. ही दोन मुले, विकास आणि प्रकाश, रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढली आणि दोघेही डॉक्टर झाले. लस शोधण्यासाठी प्रयोगाला माणूस हवा म्हणून बाबांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले होते, आणि त्यांना रोग झाला नाही. दहातल्या नऊहून अधिक माणसांच्या अंगात या जंतूला परतवण्याची ताकद उपजतच असते.

बाबांचे नाव घरोघरी पोचले, डॉ. र. वि. वारदेकरांचे नाही. मला याची चुटपुट वाटते. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ मध्ये स्थापन झाले आणि पुढे वर्ध्याला रुजले. त्याचे वारदेकर हे शिल्पकार. रुग्णाला वसाहतीत आणून ठेवण्याऐवजी आपणच घरोघर जायचे, तपासायचे, समजावायचे आणि घरीच गोळ्या द्यायच्या, ही पद्धत त्यांनी बसवली. देशाच्या पुढच्या कार्यक्रमाचा साचा तोच. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार आला, तेव्हा तो सर्वांत आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

तो उपचार आजही चालू आहे: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. पत्त्यांसारखी महिन्याची पाकिटे, मुलांसाठी वेगळी, सगळे फुकट. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. पहिल्या दिवशी लघवी लालसर होते, पुढे कातडी थोडी काळवंडते. दोन्हीला घाबरायचे कारण नाही, दोन्ही जाणाऱ्या गोष्टी. औषध सुरू होताच फार थोड्या काळात रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. पोराचे ताट-वाटी वेगळी करण्याची, शाळेतून काढण्याची काहीच गरज नाही. असे कुणी सुचवले असेल, तर ताई, तिथे मात्र आत्याने आवाज चढवावा.

आता तो महिन्यांचा हिशेब. गोळ्या जंतू मारतात, नस दुरुस्त करत नाहीत. नसेला इजा होते ती बरीचशी आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे. मेलेल्या जंतूंवरही शरीर तुटून पडते, नस सुजते, आणि आधीच अरुंद असलेल्या खाचेत दबून गुदमरते. म्हणून कधी कधी औषध चालू असतानाच, किंवा ते संपल्यावरही, अचानक नस दुखू लागते, हातातली ताकद जाते, जुने डाग लाल होऊन फुगतात. घरचे म्हणतात, गोळ्यांनीच वाढले, बंद करा. इथेच घात होतो. गोळ्या चालू ठेवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे औषध कित्येक आठवडे द्यावे लागते. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाले, तर ती परत येण्याची चांगली आशा असते. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. या पोराच्या बाबतीत पावसाळ्यापासून मोजा. तेल आणि ताईत यांत गेलेले दिवस याच सहा महिन्यांतून गेले आहेत. म्हणून स्टेरॉइड सुरू केले आहे का, हे भावाने पुढच्याच भेटीत विचारावे. बोटे ताठ होऊ नयेत म्हणून तेल लावून दुसऱ्या हाताने रोज सरळ करायची. बघा, मालिशवाल्याचे तेल शेवटी कामी आलेच. एवढे करूनही बोटे वाकडीच राहिली तर शस्त्रक्रिया आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चांगल्या स्नायूची दोरी काढून दुबळ्या बोटाला जोडायची रीत सुरू केली, आणि ती आजही होते.

ब्रँड यांचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोटे झडतात ती रोगाने कुजून, असा समज होता. त्यांनी बारकाईने पाहिले तर बोटे झडत होती ती इजेने: तापलेले भांडे, चपलेतला खिळा, कुलपात अडकलेली किल्ली जोर लावून फिरवणे. काही रुग्णांची बोटे रात्रीतून तोकडी होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि वेदना नसल्याने जाग येत नव्हती. त्यानंतर तिथे मांजरे पाळली गेली. दुखणे हे शरीराचे केवढे मोठे राखणदार आहे! या पोराला चुलीजवळ, इस्त्रीजवळ, गरम ताटाला डाव्या हाताने आधी चाचपायची सवय लावायला हवी, आणि रोज झोपताना आईने त्याचा उजवा पंजा उजेडात पाहायला हवा.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण झाले आणि कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याची घोषणा झाली. माझ्या मते तो शब्द महागात पडला. सार्वजनिक समस्या म्हणून आटोक्यात, असा त्याचा अर्थ होता. ऐकणाऱ्यांनी ‘संपला’ असा घेतला. घरोघरचे सर्वेक्षण मंदावले, त्यातले जाणते कर्मचारी इतर कामांत मिसळले, नव्या डॉक्टरांनी नसा चाचपणे जवळपास सोडले. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा जोमाने घ्याव्या लागल्या. आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात सापडतात. त्यांत मुलांची वेगळी मोजणी होते, कारण मूल आजारी सापडले याचा अर्थ मोठ्या कुणाकडून तरी लागण अलीकडेच झाली, आणि ते माणूस अजून औषधाविना आहे.

इथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, ताई. ‘कुणाकडे बोलू नका’ याची किंमत कोण मोजणार? पोराला कुणाकडून तरी आले. ते माणूस घरात असेल, शेजारी असेल, राजुऱ्याच्या बाजूचा पाहुणा असेल. त्याच्या स्वतःच्या नसाही या क्षणी सुजत असतील. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली पाहिजे, ज्या पुतणीचे लग्न जमायचे आहे तिचीही. तिची सर्वांत आधी, असे मी म्हणेन. संपर्कातल्या निरोगी माणसांना रिफाम्पिसिनचा एकच डोस प्रतिबंधासाठी देतात. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत त्याने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण सुमारे ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. तुम्ही आणि मुले सुट्टीत माहेरी राहून आला असाल, तर तुम्हीही दाखवून घ्या. गावभर दवंडी पिटायला कुणी सांगत नाही. डॉक्टर, आशा ताई आणि घरची माणसे यांच्यापाशी बोलणे म्हणजे बोभाटा नव्हे. आणि कायद्याचे म्हणाल, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, तेही २०१९ मध्ये काढून टाकले आहे. सोयऱ्यांची मने कायद्याने बदलत नाहीत, हे मलाही कळते. पण भावाचा बरा होऊ घातलेला हात लपवून जमवलेले लग्न पुतणीला किती दिवस निर्धास्त ठेवील, हे तिलाच विचारून पाहा. आपण मोठी माणसे तिच्या वतीने घाबरतो आहोत, तिला काय वाटते ते तुमच्या संदेशात कुठेच नाही.

एक अडचण खास आपल्या भागाची. रुग्ण तेलंगणात नोंदलेला, मावशी आणि आजोळ महाराष्ट्रात. इकडच्या कर्मचाऱ्याची यादी सीमेपाशी संपते, तिकडच्याला खबर नसते. म्हणून भावाला सांगा, पोर गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या घरी महिना-पंधरा दिवस राहिले, त्यांची नावे गाव, मंडल किंवा तालुक्यासह दोन कागदांवर लिहायची. एक कागद वांकिडीच्या आरोग्य केंद्रात द्यायचा, दुसरा तिकडच्या नातेवाइकांनी त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचा. हैदराबादेत कुणाला दाखवायचे असेल तर कुकटपल्लीचे शिवानंद पुनर्वसन केंद्र आहे, राणी कुमुदिनी देवींनी १९५८ मध्ये सुरू केलेले. चेर्लापल्लीला लेप्रा संस्थेचे ब्ल्यू पीटर संशोधन केंद्रही आहे. त्याचे नाव ब्रिटनमधल्या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमावरून ठेवलेले, कारण तो पाहणाऱ्या पोरांनी त्यासाठी पैसे जमवले होते.

बाकीच्या वाचकांसाठी, घरी करून पाहण्याजोगे थोडेसे. मुलांना आंघोळ घालताना सगळे अंग पाहा. फिकट किंवा तांबूस डाग दिसला, तर मुलाला डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने कधी डागावर, कधी बाजूला हलकेच स्पर्श करा आणि ‘कुठे लावले, बोट ठेव’ म्हणा. डागावरचे ओळखता येत नसेल तर डॉक्टरकडे जा. गालावरचे खडबडीत पांढुरके चट्टे बहुधा साधे कोरडेपणाचे असतात आणि त्यांचा जंतांशीही संबंध नसतो. कोड दुधासारखे पांढरे असते आणि त्यावर जाणीव शाबूत असते, त्याचाही कुष्ठाशी संबंध नाही. मग हाताची बोटे चिकटवून धरायला सांगा आणि करंगळी व शेजारचे बोट यांत एक कागद देऊन तो ओढा. सहज निसटला तर दुसऱ्या हाताशी तुलना करा. टाचांवर उभे राहून चार पावले चालायला सांगा. डोळे घट्ट मिटायला सांगा. मुलांना हा खेळच वाटतो, आणि सगळे मिळून पाच मिनिटांत उरकते.